दोन बोटांची पट्टी

त्या आठवड्यात बाईंच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. शुक्रवारी संग्रहालयात बालपणाचं नवं दालन उघडणार होतं आणि दाराशी बाईंच्या नावाची पाटी लागणार होती. पाटी पितळेची हवी की काचेची, हे त्यांना दोनदा विचारून झालं होतं आणि दोन्ही वेळा ‘मला काय त्याचं’ म्हणत म्हणत त्यांनी पितळेचीच सांगितली होती. दुसरी गोष्ट पुस्तकाची दहावी आवृत्ती. तिची शेवटची मुद्रितं टेबलावर पडली होती आणि गुरुवारी परत द्यायची होती. तिसरी गोष्ट म्हणजे चष्म्याच्या दांडीचा स्क्रू. तो सोमवारी सकाळी, मुद्रितांच्या एकशे चाळिसाव्या पानावर, कसलाही आवाज न करता निसटला आणि जगातून नाहीसा झाला. चष्मा एका कानावर लोंबकळत राहिला. व्यवहारी माणसाला पहिल्या दोन गोष्टी मोठ्या वाटतील. पण तिसरीवाचून पहिल्या दोन दिसणार नव्हत्या, आणि बाईंना त्या चांगल्या दिसायला हव्या होत्या. म्हणून त्या आधी स्क्रूच्या मागे लागल्या.

चष्म्याचं दुकान दोन रस्ते ओलांडून होतं. अरुंद, बोळकांडीसारखं, दोन्ही भिंतींवर चष्मेच चष्मे आणि त्यांतल्या एकातही डोळा नाही. बाईंनी आपला चष्मा काउंटरवर ठेवला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. काउंटरपलीकडे त्यांच्याच वयाची, थोडी लहानच असेल, अशी एक बाई होती. चष्मा नसल्यामुळे ती बाईंना एक करडा स्वेटर आणि त्यावर एक फिकट गोळा एवढीच दिसत होती. आवाज मात्र स्पष्ट होता.

“किती वर्षं झाली या फ्रेमला?”

“बारा.”

“निवृत्त करा की तिला आता.”

“मी झाले निवृत्त. ती तयार नाही.”

गोळा हसला. ड्रॉवर उघडल्याचा, बारीक डब्यांचा आवाज आला. आणि मग: “तुम्ही त्याच ना हो? पेपरात फोटो आलाय. शाळेच्या पोरांच्या मोर्चावर लिहिणाऱ्या?”

बाईंनी चेहऱ्यावर ते हसू आणलं. हे हसू त्यांनी तीस वर्षांत घासून गुळगुळीत केलं होतं. त्यात संकोच दोन भाग आणि समाधान एक भाग होतं, आणि पाहणाऱ्याला हे प्रमाण उलटं वाटू नये याची त्यांनी काळजी घेतली होती. “हो, मीच ती.”

“नातीच्या पुस्तकात धडा आहे तुमचा. सातवा.”

“अरे वा. आवडला का तिला?”

“तिला त्यात दोनपैकी शून्य मिळाले.”

बाईंनी सहानुभूतीचा एक आवाज काढला. मुलांची बाजू घेणं हा त्यांचा धंदाच होता. “कुठल्या प्रश्नाला?”

“शेवटच्या.” चष्मेवालीने तो पाठ म्हणून दाखवला, शाळेत म्हणतात तसा, हेल काढून. “मुलीने आपले वाक्य अपूर्ण का सोडले असावे? तुमच्या शब्दांत लिहा. तर तिने तिच्या शब्दांत लिहिलं. म्हणजे माझ्या. मी सांगितलं होतं तिला.”

“काय?”

“‘तिने सोडले नव्हते. पान उलटा.’”

बाहेरून एक गाडी गेली आणि भिंतींवरच्या काचा एकदम किणकिणल्या. आपल्याला आत कुठेतरी काहीतरी टोचलं हे बाईंना कळलं, पण कुठे ते कळेना. कपड्यात राहिलेली टाचणी हलल्यावर टोचते, तसं. शिवाय त्या सावध झाल्या. ‘ती मुलगी मीच’ असं सांगणारे तीस वर्षांत अकरा जण भेटले होते, आणि त्यांत दोन पुरुष होते. प्रत्येकाला त्यांनी चहा पाजून, हळुवारपणे, काही साधे प्रश्न विचारून परत पाठवलं होतं. कागद आखीव होता की कोरा? शाई कुठली? पण चष्मेवाली कसलाच दावा करत नव्हती. ती स्क्रूच शोधत होती आणि शोधता शोधता बोलत होती. “कागद कोरा दिला होता हेडमास्तरांनी, आणि पेन्सिल. शाई नाही. शाईने पोरं डाग पाडतात म्हणून. मी मागच्या पानावर समास न सोडता अगदी कडेपासून लिहिलं, म्हणून हातावर पट्टीही खाल्ली. एकच ओळ होती हो. एका ओळीला काय समास सोडायचा?”

“काय होती ती ओळ?” बाईंनी विचारलं, आणि विचारताना आपला आवाज मुलाखत घेतानाचा झाला आहे हे त्यांना ऐकू आलं.

“भावाबद्दल होती.” गोळा खाली वाकला. “हा स्क्रू नाही बसायचा, बारीक लागेल. उद्या मागवून ठेवते. तोवर हा घालून जा, नंबर जवळपास आहे.” तिने दुसराच एक चष्मा पुढे सरकवला. बाईंनी तो चढवला आणि गोळ्याला चेहरा आला. साधा, थकलेला, जरा चेष्टेखोर. त्या चेहऱ्याला त्यांच्याकडून काय हवं होतं, हे तो लपवत नव्हता. “सगळीकडे छापलंय ना, कोणाला काही लागलं नाही म्हणून? तुमच्याही पुस्तकात तेच. माझ्या भावाला लागलं होतं. तेवढी एक ओळ घाला. बाकी धडा छान आहे.”

घरी जाताना त्या उसन्या चष्म्यातून पायऱ्या जरा वर आल्यासारख्या दिसत होत्या. बाई प्रत्येक पायरीवर पाय थोडा जास्त उचलत होत्या आणि तो दर वेळी थोडा जास्त खाली पडत होता.

त्यांच्या सगळ्या नोकरीचा पाया एका गठ्ठ्यावर होता. बाई इतिहास विभागात रुजू झाल्या तेव्हा बाकीचे राजे, तह आणि करार आपसांत वाटून घेऊन बसले होते. मुलं तेवढी कोणी घेतली नव्हती. विभागप्रमुख त्यांना ‘आमची बालवाडी’ म्हणत, आणि बाई हसत, कारण मोकळी जागा स्वस्तात मिळते हे त्या हसणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. मग एका बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात तो गठ्ठा मिळाला. त्याच्या वीस वर्षं आधी ती शाळा मोडून तिथे गोदाम करायचं ठरलं होतं, आणि दोनशे बारा मुलं वर्गातून उठून, रांग धरून, नगरपालिकेच्या कचेरीकडे चालत निघाली होती. पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं. सरकारी अहवालात दोन वाक्यं होती: मुलांना समजावून परत पाठवण्यात आले. कोणासही इजा नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्यांना कागद वाटून निबंध लिहायला लावला, ‘काल मी काय पाहिले’. पुढारी कोण ते त्यातून कळेल असा त्यांचा हिशेब. कळलं काहीच नाही. पोरांनी ढग पाहिले होते, पुलाखालचं पाणी पाहिलं होतं, एकाने तर रांगेत पुढे असलेल्याच्या मानेवरचा तीळ पाहिला होता. आणि एका पाचवीतल्या मुलीने लिहिलं होतं: मी काही पाहिले नाही. मी खाली पाहत होते. माझ्या चपलेचा बंद तुटला होता. आणि मग

तिथे पान संपत होतं. मागचं पान कोरं. पूर्णविराम नाही, काही नाही. बाईंनी त्या ‘आणि मग’वर सात पानं लिहिली. प्रकरणाला नाव दिलं ‘अपूर्ण वाक्याचे धैर्य’. सत्तेने विचारलेल्या प्रश्नाला एक मूल अर्धं उत्तर देतं आणि उरलेलं स्वतःजवळ ठेवतं, ते ठेवणं हेच त्याचं बंड, असं काहीसं. चांगलं लिहिलं होतं. आजही मुद्रितं वाचताना, एकशे चाळिसाव्या पानावर, त्यांना स्वतःचाच हेवा वाटला होता, आणि नेमका तेव्हाच स्क्रू पडला होता.

पण गठ्ठा वाचण्याआधी बाईंनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिच्यासाठी त्यांना लोक अजून मानत. निबंधांवर नावं होती, हजेरी क्रमांक, वर्ग. ती मुलं तेव्हा तिशीत होती, कोणी सरकारी नोकरीत, कोणाची बढती अडकलेली. मोठेपणी कोणाला त्याचा त्रास नको. म्हणून बाईंनी प्रत्येक कागदाची वरची दोन बोटांची पट्टी, नावासकट, कात्रीने कापून काढली. दोनशे बारा पट्ट्या, तीन दुपारी. मग त्या बिननावाच्या कागदांच्या प्रती काढल्या आणि मूळ कागद अभिलेखागारात दिले. पुढे त्यावर त्यांची व्याख्यानं झाली, ‘संशोधकाची कात्री’ या नावाने; तरुण मुलंमुली डोळे ओले करून ऐकत. व्याख्यानात त्या सांगत की पट्ट्या नष्ट केल्या. हे खोटं होतं. इतिहासाच्या माणसाला कागद फाडता येत नाही. कापता येतो, पण फेकता येत नाही. पट्ट्या बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात होत्या, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे.

दुपारी दोनला बाईंनी स्टूल घेतलं आणि डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं, चमच्याने उचकावं लागलं. आतून शाळेचा वास आला, पेन्सिलीचा आणि घामट तळव्यांचा, किंवा तसा तो यावा अशी त्यांची अपेक्षा होती. पट्ट्या रबराने बांधल्या होत्या. रबर हात लावताच तुटलं आणि नावं मांडीवर सांडली. त्यांना त्या तीन दुपारी आठवायला लागल्या. स्वयंपाकघरातलं टेबल, पंखा बंद ठेवलेला, कागद उडू नयेत म्हणून, उकडत होतं. लेक सात वर्षांची, शाळेला सुट्टी, टेबलाखाली बसलेली. ‘आई मुलांवर लिहिते, म्हणून तिला मुलांसाठी वेळ नसतो,’ हे वाक्य तिने पुढे पाहुण्यांसमोर अनेकदा म्हटलं आणि पाहुण्यांबरोबर बाईही हसल्या. तेव्हा ती फक्त पडलेल्या पट्ट्या गोळा करत होती. तिला त्यांची साखळी करायची होती. साखळी नको म्हटल्यावर ती मोजत बसली. मग मोजता मोजता थांबली. टेबलाखालून तिचा आवाज आला होता. काय म्हणाली होती ती? बाईंना कात्री आठवत होती, तिचा डाव्या बाजूला ओढणारा दोष, अंगठ्याला पडलेला घट्टा; त्यांची स्मृती वस्तूंच्या बाबतीत कोणाचं देणं ठेवत नसे. आवाज मात्र आठवायला गेलं की पाण्याखाली जात होता.

पाचवीच्या पट्ट्या छत्तीस होत्या. एकोणिसावी उलटल्यावर मागे पेन्सिलीची एक ओळ होती. अगदी कडेपासून, समास न सोडता, अक्षरं शेवटी दाटीवाटीने उतरत गेलेली: दादा बंद बांधायला खाली वाकला तेव्हा त्याच्या डोक्यात मारले आणि तो उठेना.

बाईंनी ती ओळ उसन्या चष्म्यातून वाचली, चष्मा काढून नाकाला लावून वाचली, खिडकीपाशी नेऊन वाचली. मग अभिलेखागारात दिलेल्या त्या कागदाची आपल्याजवळची प्रत काढून तिच्या डोक्यावर पट्टी ठेवली. कात्री डावीकडे ओढत असे, त्यामुळे काप जरा तिरका होता. तो तिरकस काप इकडून तिकडे बिनचूक बसला. आणि तो बसताना टेबलाखालचा आवाज पाण्यातून वर आला, अगदी स्वच्छ, दोन दात पडलेल्या तोंडातून येतो तसा: आई, याच्या मागेपण लिहिलंय. आणि त्यावर आपण म्हणालो होतो: असू दे, हात लावू नकोस.

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि दुपारी फोन केलेला तिला आवडत नसे.

“मी ते निबंध कापत होते तेव्हाचं तुला काही आठवतं?”

“आई, मी सात वर्षांची होते.”

“तरी.”

“तूच म्हणतेस ना, त्या वयाच्या आठवणीला कागदाचा आधार लागतो म्हणून? तुझ्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मी प्रूफं वाचली होती त्याची, फुकट.” मग तिचा आवाज थोडा खाली आला. “का गं? बरी आहेस ना?”

“बरी आहे. चष्मा तुटलाय.”

“मग नवा घे ना. किती जपशील त्या फ्रेमला!”

सगळी दुपार बाई त्या दोन कागदांसमोर बसून होत्या. मन त्यांचं मोठं हुशार होतं. ते रडण्याआधी बेरजा करत असे. ही ओळ छापली तर ‘धैर्य’ हे प्रकरण जातं. ते गेलं की धडा जातो, संग्रहालयाच्या भिंतीवर लागणारं वाक्य जातं. चौदा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ते अपूर्ण वाक्य होतं. त्यांतले नऊ आज शिकवत होते, त्यांच्या पोटावर पाय. शिवाय ‘संशोधकाची कात्री’. पट्ट्या नष्ट केल्या म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, आता ही कुठून आली म्हणायचं? आणि दुसऱ्या बाजूला एक ओळ. अहवाल खोटा ठरवणारी दोनशे बारांमधली एकमेव ओळ. एका मुलाला मारलं, हे सांगणारं एक मूल होतं, आणि त्याचं तोंड हेडमास्तरांनी बंद केलं नव्हतं, पोलिसांनी केलं नव्हतं. बाईंनी स्वतःच्या पुस्तकाचं शहाण्णवावं पान काढलं. ‘दोनशे बारा निबंधांपैकी एकातही मारहाणीचा उल्लेख नाही, तेव्हा अहवालातील विधान स्वीकारण्यास प्रत्यवाय नसावा.’ प्रत्यवाय हा शब्द त्यांना तेव्हा फार आवडत असे. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी एक तोडगा काढला, आणि तो त्यांना इतका उदार वाटला की डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मंगळवारी सकाळी दुकानात त्यांनी पट्टी एका पाकिटात घालून काउंटरवर ठेवली. चष्मेवालीने आधी हात पुसले, मग ती बाहेर काढली. आधी नाव वाचलं, मग उलटून ओळ वाचली. वाचायला बराच वेळ लागला, ओळ एकच असून.

“अक्षर बघा,” ती म्हणाली. “आणि मी नातीला नावं ठेवते.”

“तुमची आहे. तुमच्याकडेच असावी असं वाटलं मला.”

“दादा जिथे बसायचा तिथेच बसलाय तुम्ही,” चष्मेवाली म्हणाली. बाई स्टुलावरून अर्धवट उठल्या. “बसा हो, बसा. दुकान वडलांचं. पंधराचा होता तो. त्या दिवसानंतर त्याला वाचता येईना, आकडे कळेनात. मग वडील त्याला इथे बसवायचे, काचा पुसायला. एकच काच संध्याकाळपर्यंत पुसायचा. कोणी घेतली हातातून की घाबरायचा, म्हणून ती तशीच राहू द्यायचे. त्याच्याजवळ कोणीतरी लागायचं, म्हणून मी सहावीत शाळेतून नाव काढलं. एकोणीस वर्षं. तुम्हाला तो गठ्ठा सापडला ना, त्याच्या आदल्या वर्षी गेला.” हे सगळं तिने स्क्रू फिरवता फिरवता सांगितलं, बारीक पिळाने, जीभ दातांत धरून. मग चष्मा उजेडात धरून बघितला. “वडील दोनदा कचेरीत गेले होते. तिथे म्हणाले, कागद आणा. कागद कुठून आणणार?”

बाईंनी रिकामं पाकीट तिच्या बाजूला सरकवलं.

“म्हणजे हे पेपरात आलंय त्या भिंतीवर नाही लागणार,” चष्मेवाली म्हणाली. तिने विचारलं नव्हतं.

“सगळं तयार झालंय हो आता. चिकटवायची अक्षरंसुद्धा कापून आली. पुढच्या आवृत्तीत मी नक्की…”

“पुढची कधी?”

“तीन-चार वर्षांनी.”

“हं.” तिने पट्टी पाकिटात घातली आणि पाकीट बाईंच्या बाजूला सरकवलं, आदल्या दिवशी उसना चष्मा सरकवला होता तसंच. “मग हे तुमच्याकडेच ठेवा. आम्हाला कागदाचं काय करायचंय? आम्ही त्याला बघितलंय. ज्यांनी नाही बघितलं त्यांच्यासाठी लिहिलं होतं मी.”

“माझ्या हातून चूक झाली,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी रात्रभर तयार केलं होतं. उच्चारल्यावर ते व्याख्यानातल्यासारखं वाटलं.

“झाली असेल. तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं?” चष्मेवालीने चष्मा स्वतः त्यांच्या कानांवर चढवला, दांड्या दाबून पाहिल्या, एका बोटाने नाकावर नीट केला. एवढ्या जवळून बाईंना तिचे डोळे दिसले. “आता दिसतंय ना नीट?”

“किती झाले?”

“स्क्रूचे काय पैसे घ्यायचे.”

गुरुवारी सकाळी बाईंनी मुद्रितं परत पाठवली. शहाण्णवाव्या पानावर पेन्सिल ठेवून त्या अर्धा तास बसल्या होत्या, आणि शेवटी त्यांनी ‘प्रत्यवाय नसावा’ खोडून ‘हरकत नसावी’ केलं. भाषा सोपी असावी म्हणून. मग त्या संग्रहालयात गेल्या. दालनाला रंगाचा ताजा वास होता. काचेच्या पेटीत कोणाची तरी पाटी, कोणाचं तरी दप्तर, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, शिडीवर चढून, एक माणूस काळी अक्षरं एकेक करून चिकटवत होता. हात सरावलेला होता. माझ्या चपलेचा बंद तुटला होता. आणि मग. चष्म्यातून सगळं लख्ख दिसत होतं, अक्षराखालचा हवेचा बुडबुडासुद्धा, आणि माणसाच्या नखातला गोंद. पर्स खांद्याला होती, पर्समध्ये पाकीट होतं. ‘आणि मग’च्या पुढे भिंत बरीच मोकळी होती. एक ओळ आरामात बसली असती.

त्या माणसाने मागे सरकून मान वाकडी केली. “मॅडम, हे इथेच संपतं का? अर्धंच वाटतंय. पुढे काही आहे का, की राहिलंय?”

बाईंच्या आयुष्यात मुलांनी आणि मोठ्यांनी त्यांना खूप प्रश्न विचारले होते. त्यांतले बहुतेक त्यांनीच सुचवलेले. हा दुसरा होता जो त्यांनी सुचवला नव्हता. पहिला टेबलाखालून आला होता आणि तो प्रश्नही नव्हता. बाईंचा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला. चेन थोडी उघडली, अडकली. थोडं ओढलं असतं तर निघाली असती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एवढंच आहे.”

“बरं,” तो म्हणाला, आणि तीन टिंबं लावली. ती त्याच्याकडे तयार होती.

दाराशी बाईंच्या नावाची पाटी लागत होती; पितळ छान घासलं होतं, त्यात येणाराजाणारा प्रत्येक जण जरा पिवळा आणि रुंद दिसत होता. बाई त्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मन सवयीने बेरजेला बसलं. पंधरा वर्षांचा एक मुलगा वाकला आणि एकोणीस वर्षं एकच काच पुसत राहिला. त्याच्या शेजारी बसायला एका मुलीने सहावीत शाळा सोडली. एक बाप कागद नाही म्हणून दोनदा कचेरीतून परत आला. सात वर्षांच्या एका पोरीने टेबलाखालून खरं सांगितलं, आणि पुन्हा आईला काही सांगायचं नाही हे ती त्याच दुपारी शिकली. एका नातीचे दोन गुण गेले. बाईंचं काय गेलं, ते त्या बराच वेळ शोधत होत्या. स्क्रूचे पैसेसुद्धा तिने घेतले नव्हते.